एकोणसत्तर म्हणजे नक्की किती?

मंडळी, आजचा कॉलम सुरू करण्याआधी एक छोटीशी टेस्ट. मोबाइल बाजूला ठेवा. शेजारच्या क्युबिकलमधल्या त्या मराठी मीडियमवाल्या हुशार मुलीला विचारायचं नाही. पटकन सांगा, एकोणसत्तर म्हणजे किती?

ज्यांनी तिसऱ्या सेकंदाच्या आत उत्तर दिलं, त्यांना सलाम. बाकीच्यांनी लाजू नका, मी तुमच्याच पार्टीत आहे. माझं काय होतं माहितीये? कानावर ‘सत्तर’ पडतं आणि डोक्यात सात उमटतो. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे मला कळतं. पण कळेपर्यंत बोटाने ७९ टाइप करून झालेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कॉलम? तर हो. कारण या एका अंकापायी माझ्या आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन पुढे गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते मला तेरा दिवस कळलंसुद्धा नाही.

झालं असं. २०२३ चा जुलै महिना. कराडजवळच्या गावी राहणाऱ्या माझ्या आत्याला मोतीबिंदू झाला होता. मी नुकतीच एका मोठ्या असाइनमेंटचे पैसे हातात आल्यामुळे हवेत होते. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असे दिवस वर्षातून दोनदा येतात. मी फोनवर जाहीर करून टाकलं, “आत्या, लेन्सचे बावीस हजार मी देणार. तू एक शब्द बोलायचा नाहीस.” ती खरंच काही बोलली नाही. फक्त “बरं गं बाय” म्हणाली, आणि तिचा आवाज जरा ओला झाला.

अकाउंट नंबर द्यायला बाबा फोनवर. ते तेव्हा तिच्याकडेच होते. हातात पासबुक, डोळ्यांवर चष्मा, आणि त्यांच्या पिढीची ती सवय, नंबर जोडीजोडीने सांगायचा. “एकवीस... शून्य चार... एकोणसत्तर... बारा...” मी एका क्लायंटच्या ऑफिसबाहेर रिक्षात. टाइप केलं. अॅपने विचारलं, नंबर पुन्हा टाका. दुसऱ्या चौकोनात कॉपी-पेस्ट चालत नाही, म्हणून मी पुन्हा एकदा अगदी मन लावून, काळजीपूर्वक, तोच चुकलेला नंबर टाकला. दोन्ही जुळले. हिरवी टिक आली. मी खूश!

इथेच पहिला धडा आहे, तो लिहून ठेवा. दोनदा लिहायला लावण्याचा उपाय बोट घसरलं तर पकडतो. डोकंच घसरलं असेल, तर मात्र तो चुकीवर शिक्कामोर्तब करतो.

चेकवरचा ‘मात्र’

त्या प्रकरणानंतर मी एकदम ‘चूक’ या विषयाच्या मागेच लागले. मासकॉमवाली मुलगी, कॉम्प्युटर सायन्सशी आपला संबंध फक्त लॅपटॉप हँग झाल्यावर. पण वाचायला लागले आणि वाटलं, अरे, हे तर आपल्या घरातलंच आहे!

चेक आठवा. आपण आकड्यात २२,००० लिहितो आणि खाली अक्षरी ‘बावीस हजार रुपये मात्र’. एकच गोष्ट दोनदा कशाला? कारण आकडा एक शून्य जास्त पडून बदलू शकतो, अक्षरं तशी सहज बदलत नाहीत. दोन्हींत फरक पडला तर गडबड आहे हे लगेच दिसतं. आणि १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमध्ये तर स्पष्ट लिहिलंय, की अशा वेळी अक्षरी रक्कम खरी धरायची. म्हणजे चूक सापडणं आणि चूक सुधारणं, दोन्हींची सोय!

कॉम्प्युटर अगदी हेच करतो. गरजेपेक्षा थोडं जास्त सांगतो. त्याच्याकडे सगळंच शून्य आणि एक. फोटो, गाणं, तुमचं पगारपत्रक, तुमच्या एक्सचे जुने मेसेज, सगळं. वायरमधली खरखर, वायफायमधला अडथळा, मेमरीतली एखादी नाजूक जागा... कुठेतरी शून्याचा एक होतो. म्हणून मूळ माहितीच्या शेपटीला काही जादा अंक जोडून देतात. ते काही नवं सांगत नाहीत. त्यांचं काम एकच, पहारा.

सगळ्यात साधा पहारेकरी म्हणजे पॅरिटी बिट. सात अंकांमधले ‘एक’ मोजायचे. संख्या विषम आली तर शेवटी आणखी एक ‘एक’ लावायचा, सम आली तर शून्य. मग एकूण ‘एक’ कायम सम. पलीकडे पोहोचल्यावर मोजले आणि विषम निघाले, तर वाटेत काहीतरी झालंय. नक्की कुठला अंक बिघडला ते मात्र कळत नाही. आणि दोन अंक एकदम बिघडले, तर पहारेकरी गाढ झोपेत!

तुमच्या कार्डाचा शेवटचा अंक

आता पर्समधून क्रेडिट किंवा डेबिट कार्ड काढा. (कॉलम वाचताना शेजारी कोण बसलंय ते आधी बघा.) त्यावरचा शेवटचा अंक बँकेने सहज दिलेला नाही. तो आधीच्या सगळ्या अंकांवरून हिशोब करून काढलेला असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लून या माणसाने ही युक्ती काढली. पेटंटसाठी अर्ज १९५४ मध्ये केला आणि १९६० मध्ये ते मिळालं.

युक्ती अशी. उजवीकडून सुरुवात करायची, दर दुसऱ्या अंकाची दुप्पट करायची. दुप्पट ९ च्या वर गेली तर त्यातून ९ वजा. मग सगळ्याची बेरीज. ती दहाच्या पटीत आली तर नंबर ठीक.

समजा नंबर आहे २६९१. उजवीकडून १, मग ९ ची दुप्पट १८, वजा ९ म्हणजे ९, मग ६, मग २ ची दुप्पट ४. बेरीज २०. पास! आता माझ्यासारखीने एकोणसत्तर ऐकून ७९ टाकलं, तर २७९१. बेरीज येते २१. नापास! लागलीच लाल अक्षरं, ‘नंबर तपासा’. अंक उलटसुलट झाले, २९६१, तर बेरीज १७. तेही नापास. एकच अंक चुकला तर ही युक्ती हमखास पकडते. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी बहुतेक वेळा पकडते. अपवाद फक्त ०९ आणि ९० चा. त्या दोघांत तिला फरक कळत नाही.

तो फरकसुद्धा ज्याला कळतो, त्या युक्तीचं नाव वेरहूफ. नेदरलँड्समधल्या याकोबुस वेरहूफ या गणितज्ञाने १९६९ मध्ये ती मांडली. आणि ती कुठे वापरलीय माहितीये? आपल्या आधार कार्डावर! बारा अंकांमधला शेवटचा अंक म्हणजे वेरहूफसाहेबांचा पहारेकरी. मला आवडलेली गोष्ट म्हणजे, या माणसाने आधी माणसं खरोखर कशी चुकतात याचा अभ्यास केला. त्यात सगळ्यात जास्त चुका एकाच अंकाच्या. आणि एक वेगळा गट होता ऐकण्यातल्या चुकांचा, म्हणजे इंग्रजीत सिक्स्टी आणि सिक्स्टीन कानाला सारखं वाटतं ना, तशा. वाचून मला इतकं बरं वाटलं! त्यांना मराठी येत असती तर एकोणसाठ-एकोणसत्तर-एकोणऐंशीसाठी त्यांनी वेगळा चॅप्टरच लिहिला असता.

माझ्या दुर्दैवाने, मी टाकलेल्या त्या खातेक्रमांकाने काहीच हरकत घेतली नाही. तो नंबर अस्तित्वात होता. कुणाचा तरी होता. त्याच शाखेतला. पैसे मजेत जाऊन बसले.

एका चिडक्या माणसाचा वीकेंड

इथपर्यंत फक्त चूक आहे हे कळण्याची गोष्ट झाली. पण चूक कुठे आहे हे कळून ती आपोआप दुरुस्त झाली तर?

ही गोष्ट आहे रिचर्ड हॅमिंगची. १९४७ च्या सुमारास तो अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये होता. तिथल्या रिलेवर चालणाऱ्या खोलीभर मशीनवर त्याला काम करायला मिळायचं ते फक्त वीकेंडला. शुक्रवारी काम लावून जायचं, सोमवारी उत्तर घ्यायचं. वीकेंडला मशीनजवळ कुणी नसायचं. मशीन इतकं प्रामाणिक, की आत चूक झाली की तिला कळायचं. पण कळून करणार काय? हातातलं काम सोडून द्यायचं आणि पुढचं घ्यायचं. लागोपाठ दोन वीकेंड हॅमिंग सोमवारी आला, तर काहीच झालेलं नाही!

सोमवारी सकाळी आपल्यालाही असंच होतं, पण आपण चहा घेऊन गप्प बसतो. हॅमिंग चिडला. त्याचं म्हणणं, चूक झालीय एवढं जर मशीनला कळतं, तर ती कुठे झालीय हे शोधून तिने स्वतःच का सुधारू नये? त्या चिडण्यातून १९५० मध्ये त्याचा प्रसिद्ध पेपर आला.

त्याची आयडिया गणित न येणाऱ्यांनाही समजते, हे मी स्वतःवर प्रयोग करून सांगते. साधा उपाय म्हणजे प्रत्येक गोष्ट तीनदा सांगा. दोघांचं मत एक आलं तर तिसरा चुकला. पण मग सगळ्याला तिप्पट जागा! हॅमिंगने काय केलं, चार मूळ अंकांना फक्त तीन पहारेकरी दिले. एकूण सात. प्रत्येक पहारेकरी सातांपैकी ठरावीक चार जागांवर लक्ष ठेवतो, त्यात तो स्वतःही आला. प्रत्येकाचं उत्तर फक्त दोनच प्रकारचं, ‘ठीक’ किंवा ‘गडबड’. तिघांची उत्तरं मिळून आठ प्रकार होतात, दोन गुणिले दोन गुणिले दोन. त्यातला एक म्हणजे ‘सगळं ठीक’. उरलेले सात? सात जागांपैकी नेमकी कुठली बिघडली, त्या प्रत्येकीसाठी एक! आणि जागा कळली की दुरुस्ती सोपी. शून्य असेल तर एक, एक असेल तर शून्य. तिसरा पर्यायच नाही.

पण एक गंमत आहे. दोन अंक एकदम बिघडले, तर हीच पद्धत तिसऱ्याच, चांगल्या अंकाला पकडते आणि पूर्ण आत्मविश्वासाने तो ‘सुधारते’. ऑफिसात असा एक मॅनेजर प्रत्येकालाच भेटलेला असतो. यावर उपाय म्हणजे आणखी एक पहारेकरी. मग एक चूक असेल तर सुधारतो आणि दोन असतील तर “मला जमणार नाही” असं सरळ सांगतो. मोठ्या सर्व्हरमधली ईसीसी मेमरी साधारण याच धर्तीवर चालते.

एवढं कशाला हवं? बेल्जियममधल्या शारबेक या ठिकाणी १८ मे २००३ च्या निवडणुकीत कॉम्प्युटरने एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिली. आकडा गणितात बसेना म्हणून चौकशी झाली. सॉफ्टवेअरमध्ये काही सापडलं नाही. पण ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे मेमरीतल्या नेमक्या एका शून्याचा एक झाला की जेवढा फरक पडेल तेवढाच. अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने तो केला असावा, असा संशय आहे. सिद्ध कुणी करू शकलेलं नाही.

वऱ्हाड आणि सीडी

आपल्या पिढीने टी-शर्टला पुसून पुसून चालवलेल्या सीडी आठवतात? चरे पडलेले, तरी गाणं चालू. ती कमाल टी-शर्टची नव्हती. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये एक पद्धत मांडली होती, तिची होती. कल्पना अशी, की दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. तुम्हाला ती रेषा पाठवायची असेल तर दोन बिंदू पुरे. पण तुम्ही चार पाठवा. वाटेत एक हलला, तरी बाकीचे तीन एका रेषेत दिसतात आणि हललेला वेगळा उठून दिसतो. त्यांनी हेच जास्त अवघड वक्ररेषांवर केलं.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती ही पद्धत घेऊनच. त्यात आणखी एक युक्ती, शेजारची माहिती शेजारी ठेवायचीच नाही. वऱ्हाडाच्या तीन बसेस असतील तर भटजी, वाजंत्री आणि नवरीचा मामा असे सगळे एकाच बसमध्ये बसवू नयेत. एक बस घाटात बंद पडली तरी लग्न लागलं पाहिजे! तसं गाण्याचे तुकडे लांबलांब पसरून ठेवतात. साधारण अडीच मिलिमीटरचा चरा पडला तरी प्रत्येक ठिकाणचं थोडंथोडंच जातं आणि भरून निघतं.

आणि सीडी गेली तरी ती पद्धत गेलेली नाही. वडापावच्या गाडीवरचा तो क्यूआर कोड बघा. तेलाचे डाग, एक कोपरा फाटलेला, तरी स्कॅन होतो. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांसाठी तो बनवला, आणि त्यात तेच रीड-सॉलोमन. चार पातळ्या आहेत, सर्वांत वरच्या पातळीत साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो.

विचारायचं की समजून घ्यायचं?

तर चूक झाली की उपाय दोन. पहिला, परत विचारणं. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी हेच चालतं. माहितीची पाकिटं जातात, पलीकडून ‘मिळालं’ अशी पोच येते. ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठवणारा समजतो की काहीतरी हुकलं, आणि पुन्हा पाठवतो. न रागावता, न रुसता.

दुसरा उपाय, परत विचारणं शक्यच नसेल तेव्हाचा. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ यान आता इतकं दूर आहे, की त्याचा रेडिओ संदेश यायला २२ तासांहून जास्त लागतात. “काय म्हणालास?” विचारून उत्तर मिळेपर्यंत दोन दिवस जातील. म्हणून तिथून येणाऱ्या माहितीबरोबर दुरुस्तीचं सामानही येतं. क्षीण, खरखरीत आवाजातून शब्द जुळवून घ्यायचे.

हे वाचताना मी थांबले. कारण मला आत्या दिसली.

त्या तेरा दिवसांत तिला पैसे मिळाले नव्हते. तिने मला एक फोन करायला हवा होता, बास! पण भाचीकडे पैसे मागायचे? भीड पडली. तिने डॉक्टरांकडची तारीख पुढे ढकलली आणि घरी सांगितलं, डॉक्टरच गावाला गेलेत. बाबांनासुद्धा तेच. आणि मी? मी पाठवून मोकळी झाले होते. हिरवी टिक आली ना! तिच्याकडून पोच आली नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. उलट, खरं सांगते, मनात एकदा येऊन गेलं, एवढे पैसे दिले, एक फोन नाही केला आत्याने.

म्हणजे ती समजून घेत होती, मी रुसले होते, आणि चूक मधल्यामध्ये आरामात पडून होती. तेराव्या दिवशी बाबांनी चाचरत विचारलं, “अगं, ते पैसे... तुझी काही अडचण असेल तर राहू दे हं.” माझ्या पोटात खड्डा पडला.

पुढचं थोडक्यात. बँकेत अर्ज, चकरा. असे पैसे बँक त्या खात्यातून परस्पर काढू शकत नाही, खातेदाराचा होकार लागतो. खातेदार निघाले शेजारच्याच गावचे एक शेतकरी काका. त्यांना वाटलं होतं उसाचं बिल जमा झालं! त्यांनी त्यातून खतवाल्याची उधारी भागवलीसुद्धा होती. पण बँकेतून फोन गेल्यावर त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. तीन आठवड्यांत सगळे पैसे परत केले. ऑपरेशनसाठी मी तेवढ्यात एका मैत्रिणीकडून उसने घेतले. आत्याला आता लांबच्या एसटीची पाटी वाचता येते, आणि ती वाचून ती सगळ्यांना ऐकवते.

माझी चूक आता व्हायची नाही असं नाही, पण तिला पकडायला आणखी एक पहारेकरी आलाय. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पैसे ज्याला जाणार त्याचं नाव आधी दिसावं अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. तेव्हा मंडळी, ते नाव वाचा. घाईत ‘पुढे’वर बोट दाबू नका.

आमच्या घरातही नवे नियम झालेत. नंबर मी उलट वाचून दाखवते. आणि बाबा आता तिन्ही प्रकारे सांगतात, “सहा-नऊ. सिक्स नाइन. एकोणसत्तर. सत्तराला एक कमी.”

परवा दिवाळीचे म्हणून आत्याला थोडे पैसे पाठवले. पाच मिनिटांत तिचा फोन.

“आले गं.”

“किती आले?”

“पाच हजार. पाचावर तीन शून्य. मोजलेत मी, दिसतात आता.”

तर तुमच्या ओळखीतलं कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर आज एक फोन कराच. भेटू पुढच्या आठवड्यात!